तापमापकाचं घर

मे महिन्यात आमचं गाव रोज बातमीत असतं. ‘चिकलठाणा वेधशाळेत कमाल तापमान ४२ अंश.’ छत्रपती संभाजीनगरात आज किती ऊन पडलं, हे आमच्या गावावरून ठरतं, कारण शहराची वेधशाळा इथे, विमानतळाजवळ आहे. पुण्यातली मैत्रीण विचारते, ‘तुमच्याकडे आज किती?’ मी बातमीतला आकडा सांगते. तो आमच्या शेजारूनच आलेला असतो.

हा आकडा कसा मोजतात, हे मला सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. वेधशाळेत तापमापक उघड्यावर टांगत नाहीत. त्याच्यासाठी एक पेटी असते, तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्यानं ती १९व्या शतकात तयार केली. दीपगृहं बांधणारा माणूस, आणि ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुईस स्टीव्हन्सनचा बाप. पेटी लाकडी, पांढरीशुभ्र रंगवलेली. चारही बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी भिंती, म्हणजे वारा आत येतो, ऊन येत नाही. छतही दुहेरी, मध्ये हवा खेळती. जमिनीची धग लागू नये म्हणून पेटी सुमारे चार फूट उंचावर. दार उत्तरेला, म्हणजे नोंद घेणाऱ्यानं ते उघडलं तरी सूर्य आत डोकावत नाही.

सरांनी फळ्यावर आकृती काढली आणि मी ती वहीत उतरवताना मध्येच थांबले. पांढरं छत, आरपार वारा, उत्तरेचं दार, जमिनीपासून उंची. आदल्याच आठवड्यात ‘उष्ण आणि कोरड्या हवामानातलं चांगलं घर’ म्हणून आम्हाला जे शिकवलं होतं, ते सगळं त्या पेटीत होतं.

तेव्हा आम्ही चिकलठाण्यात दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो. आमच्यापेक्षा तापमापकाचं घर चांगलं होतं.

*

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कधी आला असाल, तर अशा खोल्या तुम्ही पाहिल्या असतील. जालना रोडवर कंपन्यांची मोठी फाटकं दिसतात आणि मागे, गावाच्या अंगाला, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. एका प्लॉटवर आठ-दहा खोल्या, समोर तीन फुटांचा बोळ, टोकाला दोन संडास. प्रत्येक खोलीला एक दार, दाराशेजारी एक खिडकी. मागची भिंत पलीकडच्या रांगेला लागून, त्यामुळे तिकडे खिडकीचा प्रश्नच नाही. वारा दारातून आला तर त्याला बाहेर जायलाही तेच दार. वर पत्रा, पुढून साडेआठ फूट, मागून साडेसात.

एक गंमत सांगते. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार घरात एकच खोली असेल, तर ती किमान साडेनऊ चौरस मीटर हवी. दहा बाय दहा फूट म्हणजे ९.२९ चौरस मीटर. आमचं सगळं बालपण नियमाला दोन चौरस फूट कमी पडत होतं.

पप्पा एका कंपनीत मशीन ऑपरेटर होते. महिन्यातला एक आठवडा थर्ड शिफ्ट. रात्री अकराला जायचे, सकाळी सातला सुटायचे. आठ वाजता चहा, नऊला झोपायचे. म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचे. मार्च उजाडला की दहा वाजल्यापासून पत्रा कडकड वाजायला लागायचा. लोखंड तापलं की पसरतं, आणि पसरताना खिळ्याशी ओढाताण करतं, त्याचा तो आवाज. अकराला अंथरूण गरम. बाराला पप्पा उठून बसायचे. आई पत्र्यावर ओलं बारदान टाकायची, ते अर्ध्या तासात वाळून पापडासारखं व्हायचं. कूलर होता, पण नळाला पाणी यायचं कितीतरी दिवसांनी. कूलरला द्यावं की स्वयंपाकाला ठेवावं, हे आईला रोज ठरवावं लागायचं.

पंखा कायम चालू असायचा. पण पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून आपल्याला गार वाटतं. हवाच अंगापेक्षा गरम झाली, की तो गरम हवा अंगावर मारत राहतो. आणि पत्र्याखालचा खरा त्रास हवेचा नसतोच. उन्हात तापलेला पत्रा शेगडीसारखी धग खाली सोडतो. तुम्ही सावलीत असता, तरी डोक्यावर एक मंद शेगडी पेटलेली असते.

आमच्या बोळात पप्पांची ओळख एकच होती: तापट माणूस. ‘तुझे पप्पा घरी आहेत का?’ विचारून मैत्रिणी यायच्या. दुपारी ताट पडलं, भिंतीवर बॉल आपटला, प्रेशर कुकरची शिट्टी झाली, की ते ओरडायचे. एकदा माझ्या भावानं दुपारी दार जोरात लावलं. पप्पांनी उठून त्याला इतकं मारलं, की काकूंनी मध्ये पडून सोडवलं. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. आता पुण्यात नोकरी करतो. सणाला येतो, पप्पांशी जेवढ्यास तेवढं बोलतो. मी विषय काढला, की म्हणतो, ‘त्यांचा स्वभावच तसा आहे.’

पाच वर्षांपूर्वी आम्ही सिडकोत दुसऱ्या मजल्यावर, स्लॅबचं घर भाड्यानं घेतलं. वरही घर आहे, त्यामुळे ऊन थेट आमच्या छताला लागत नाही. पूर्वेला आणि पश्चिमेला खिडक्या. पहिल्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी माझ्या हातून पातेलं पडलं. मी सवयीनं आतल्या खोलीकडे पाहिलं. पप्पा नाईट करून झोपले होते. कूस बदलली आणि परत घोरायला लागले.

पंधरा वर्षं ज्याला आम्ही स्वभाव म्हणत होतो, तो त्या दिवशी मला सापडलाच नाही.

*

त्या पातेल्यानंतर एक विचार माझ्या डोक्यातून जात नाही. इमारतीची चूक माणसाच्या नावावर लिहिली जाते. भिंतीला तडा गेला, तर लोक म्हणतात बांधकाम वाईट. पण खोलीमुळे झोप तुटली, डोकं दुखलं, मुलांवर हात उठला, अभ्यास झाला नाही, तर कुणी खोलीचं नाव घेत नाही. म्हणतात, माणूस चिडका. पोरगं मठ्ठ. बाई आळशी, दुपारी नुसती दारात बसून असते. ती दारात का बसते? कारण आत बसवत नाही.

उपकरणांचं असं होत नाही. पप्पांच्या कंपनीत मोजमापाची एक वेगळी खोली होती. तिला ते क्वालिटी रूम म्हणत. तिथे मायक्रोमीटर, गेज असली नाजूक साधनं ठेवलेली. बाहेर शॉपवर कितीही उकडो, त्या खोलीत बारा महिने एसी, २० अंशांवर. तसा नियमच आहे. लांबी मोजायचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस, हे १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं, कारण धातू तापला की वाढतो आणि माप चुकतं. पप्पा हसून सांगायचे, ‘गेजला एसी लागतो. चुकला तर जॉब रिजेक्ट होतो ना.’

वाक्य गमतीचं आहे, पण हिशोब त्यात पूर्ण आहे. गेज चुकलं तर नुकसान दिसतं, त्याची नोंद होते, म्हणून त्याला चांगली खोली मिळते. तापमापकाला सावली मिळते, कारण उन्हात ठेवला तर तो खोटं बोलेल. माणूस बिघडला, तर बिघाड त्याच्याच खात्यात जातो. मग खोली सुधारायचा खर्च कशासाठी करायचा?

इथे माझा भाऊ मला अडवतो, आणि त्याचं बरोबर आहे. तो म्हणतो, ‘त्या रांगेत दहा खोल्या होत्या. सगळ्यांवर तोच पत्रा. सगळे बाप पोरांना मारत नव्हते.’ खरं आहे. पत्र्याला आरोपी केलं, की माणूस सुटतो, आणि मार खाल्लेल्या पोराला पुन्हा एकदा सांगितलं जातं, की तुझ्या दुखण्याला कुणी जबाबदार नाही. मला तसं म्हणायचं नाही. हात पप्पांचा होता.

पण हात उठतो आणि थांबतो, यांच्या मधे जे काही असतं, त्याला आपण धीर म्हणतो. तो प्रत्येकाकडे सारखा नसतो, आणि अमर्यादही नसतो. चांगलं घर माणसाला चांगला करत नाही. पण वाईट घर त्याच्याकडचा धीर दिवसभर थोडा थोडा खर्च करत राहतं. शेवटी जो राहतो, त्यातूनच त्याला बाप व्हायचं असतं, नवरा व्हायचं असतं. काहींचा पुरतो, काहींचा पुरत नाही. ज्याचा पुरत नाही, तो दोषी आहेच. ज्यानं तो खर्च करणारी खोली बांधली आणि त्यावर भाडं घेतलं, त्याच्याकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही.

*

‘एवढं काय घराचं? मन मोठं पाहिजे.’ हे आपल्याकडचं आवडतं उत्तर. सुखसोय म्हणजे चैन, आणि चैनीची मागणी करणं थोडं लाजिरवाणं, असं आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेलं असतं.

पण ज्यांनी खरोखर सगळं सोडलं होतं, त्यांची घरं आपल्याच जिल्ह्यात आहेत. अजिंठ्याचे विहार बघा. भिक्खूची खोली अगदी लहान, झोपायला दगडाचा ओटा. चैन नाहीच. पण ती खोली मधल्या सभामंडपात उघडते, मंडप ओसरीत उघडतो, आणि भोवती इतका जाड कातळ, की मे महिन्यातही आत पाऊल टाकलं की जीव थंड होतो. त्यांनी घरदार सोडलं, सावली नाही सोडली.

किंवा पाणचक्कीला जा. हौद सगळे बघतात, फोटो काढतात. त्या हौदाचा तळ म्हणजे खाली असलेल्या एका मोठ्या दालनाचं छत आहे. जाड खांबांच्या रांगांवर ते पेललंय. वर पाणी, खाली गारवा. ही सोय कुठल्या नवाबाच्या झोपेसाठी नव्हती. दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी, म्हणजे अनोळखी आणि बहुतेक गरीब माणसांसाठी होती. दमून आलेल्या परक्या माणसाला गार जागा मिळाली पाहिजे, एवढं त्या काळच्या बांधणाऱ्याला वाटलं होतं. आपण त्याला वारसा म्हणून तिकीट लावतो आणि घरी जाऊन भाडेकरूंसाठी पत्रा टाकतो.

*

आता जुनं ते सगळं चांगलं, असं म्हणायचा मोह होतो. पण माझी आजी मला तसं म्हणू देत नाही.

आमचं मूळ गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आमचं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. उजेडासाठी माळवदाला ठेवलेलं भोक, त्याला साणं म्हणत. मधे चौक. आजी सांगते, उन्हाळ्यात दुपारी चौकातून आत गेलं की अंगावर गोधडी घ्यावीशी वाटायची. तेच माळवद त्या पहाटे खाली आलं. आजोबा गेले, घरातली आणखी दोन माणसं गेली. या भूकंपात आठ ते दहा हजार माणसं मेली, ती बहुतेक आपल्याच घरांखाली.

‘घर लई गार होतं गं,’ आजी म्हणते, ‘पन त्यानंच माणसं खाल्ली.’

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन प्रकल्प झाला. ५२ गावं नव्या जागेवर वसवली गेली. सरळ रेषेत रस्ते, आखीव प्लॉट, पक्की घरं. घर किती मोठं, हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून जास्त जमीन असलेल्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांना एकाच रात्री उघड्यावर आणलं होतं, कागदानं पुन्हा आपापल्या जागी बसवलं. भूमिहीनाच्या घरात माणसं कमी असतात का? त्याच्या अंगाला ऊन कमी लागतं का?

आमची दीड हेक्टर, म्हणून ४०० चौरस फूट. घर भक्कम होतं. ते पडणार नाही, ही काही छोटी गोष्ट नव्हती. ज्यांची माणसं दगडाखालून काढली होती, त्यांना त्या भिंती म्हणजे वचन वाटलं असणार. पण आजी त्या घरात रुळली नाही. चौक नव्हता. जुन्या घरात आभाळाखाली बसून बाया धान्य निवडायच्या, डोकं विंचरायच्या, रडायच्यासुद्धा, आणि रस्त्यावरच्या कुणाला दिसायच्या नाहीत. नवं दार थेट रस्त्यावर. आत बसलं तर उकडायचं, बाहेर बसलं तर सगळ्यांच्या नजरेत. बैल बांधायला जागा नाही, कडबा ठेवायला जागा नाही. काही वर्षांत चुलत्यानं मागे पत्र्याची पडवी काढली, समोर भिंत घातली. गावात जवळजवळ प्रत्येकानं काही ना काही वाढवलं. कुणीतरी बाहेरून आलेला म्हणाला असेल, की किती छान आखलेलं गाव या लोकांनी विद्रूप केलं. मला ती वाढवलेली प्रत्येक पडवी एकेक पत्र वाटते. नकाशा काढणाऱ्यानं विचारलं नाही, म्हणून उत्तर नंतर, विटा-पत्र्यात लिहून पाठवलेलं.

म्हणजे गार घर जीव घेऊ शकतं आणि भक्कम घर जगणं अवघड करू शकतं. या दोन्हींमधून निवड करायची वेळ आजीवर का आली, हा खरा प्रश्न आहे. भूकंपात टिकणारं आणि चौक असलेलं घर बांधता येत नाही, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

*

मग घर चांगलं की वाईट, हे ठरवायचं कसं? सोपं उत्तर: राहणाऱ्याला विचारा, समाधानी आहात का.

हे उत्तर फसवं आहे. अमर्त्य सेन एका पाहणीचा दाखला देतात. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये विधुर आणि विधवांना तब्येतीबद्दल विचारलं गेलं. तब्येत बरी नाही, असं ४८.५ टक्के विधुरांनी सांगितलं. विधवांमध्ये हे प्रमाण फक्त २.५ टक्के होतं. त्या काळच्या बंगालमधल्या विधवांची तब्येत ठणठणीत असणं शक्यच नव्हतं. त्यांना तक्रार करण्याइतकं स्वतःकडे बघायची सवय कुणी लावली नव्हती. सेन यांचं म्हणणं असं, की फार काळ वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छाच लहान करून घेतो. मग तो समाधानी दिसतो.

आमच्या बोळात याला दोन शब्द होते: सवय होते. आईला विचारलं असतं, तर तिनं हेच सांगितलं असतं. आणि पाहणी करणाऱ्यानं ‘समाधानी’ या रकान्यात टिक केली असती.

मला दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो: या घरात तुमच्या हातानं तुम्ही काय बदलू शकता? १९९८ साली रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर या संशोधकांनी जगभरच्या इमारतींमधल्या हजारो नोंदी एकत्र अभ्यासल्या. जिथे माणसं स्वतः खिडकी उघडू-मिटू शकत होती, तिथे ती बंद एसी इमारतींतल्या माणसांपेक्षा जास्त तापमानही आनंदानं चालवून घेत होती. ऊन सोसायची ताकद अंशावर तर अवलंबून असतेच, पण त्या खिडकीची कडी कुणाच्या हातात आहे, यावरही असते.

चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वसाहत आखली. तीही सिडकोचीच. तिथे दोन घरांची भिंत एक नव्हती. शेजाऱ्याला न विचारता, त्याला धक्का न लावता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं म्हणून. भूखंडांच्या आकारांतही फार तफावत ठेवली नाही. सहा-सात घरांमध्ये मिळून एक अंगण. आज ती घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत. काही जणांना याचं वाईट वाटतं. मला वाटतं, ज्या घरात बदल करायची परवानगी नकाशातच होती, त्या घरात बदल झाले म्हणजे नकाशा बरोबर निघाला.

आमच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकायला बंदी होती.

*

आता मी एका ऑफिसात ड्राफ्टिंग करते. नकाशे काढते. आणि दोन वर्षांपूर्वी, माझ्या टेबलावर तीच खोली आली.

चिकलठाण्यातला एक प्लॉट. मालकाला दोन रांगांत मिळून दहा खोल्या हव्या होत्या, पाठीला पाठ लावून. दहा बाय दहा, वर पत्रा, समोर बोळ. मला वाटलं होतं, असं काही समोर आलं तर मी नकार देईन. तसं काही झालं नाही. महिन्याचा पगार, सिडकोतलं भाडं, हे सगळं माझ्याही डोक्यात होतं. मी एक वेगळा नकाशा काढून नेला. खोल्या आठ. दोन रांगांमध्ये तीन फुटांची फट, म्हणजे प्रत्येक खोलीला मागून झरोका. पश्चिमेला संडास-बाथरूम, म्हणजे दुपारचं ऊन त्यांच्या भिंती झेलतील. पत्रा दीड फूट उंच आणि वरून चुन्याचा पांढरा हात. यात नवं काहीच नव्हतं. पांढऱ्या छतासाठी तेलंगणा सरकारनं २०२३ साली धोरणच केलं आहे, आणि झरोके तर आपल्या आज्यांच्या घरांत होते.

मालक माणूस वाईट नव्हता. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मॅडम, आतापर्यंतच्या खोल्यांत राहणारे कधी तक्रार करतेत का? सवय होते.’

त्या रविवारी मी आमच्या जुन्या रांगेत गेले. ज्यांनी माझ्या भावाला सोडवलं होतं, त्या काकू अजून तिथेच आहेत, आमच्या शेजारच्या खोलीत. सोबत दोनशे रुपयांचा भिंतीवरचा तापमापक नेला होता. दुपारी तीन वाजता, खाटेच्या उंचीवर, पंखा चालू असताना ४४. त्या दिवशी वेधशाळेचा आकडा होता ४१. मी फोटो काढला आणि मालकाला दाखवला.

तो बराच वेळ बघत राहिला. ‘एवढं असतंय?’ म्हणाला. शेवटी चुना आणि उंची मान्य झाली. फट झाली दीड फुटांची. खोल्या आठ नाही, नऊ. मी तो नकाशा काढला. त्यावर माझी सही नाही, पण रेषा माझ्या आहेत. तिथे आता नऊ कुटुंबं राहतात. पूर्वीपेक्षा बरं आहे. पुरेसं नाही. नवव्या खोलीत राहणाऱ्या माणसाला मी काय सांगू, की तुझी खोली मला नको होती?

त्याहून जास्त मला दुसरीच गोष्ट खुपते. वीस वर्षं माणसं त्या खोल्यांमध्ये घामाघूम होत होती, तेव्हा मालकाला कळलं नाही. काटा ४४वर गेलेला दिसला, तेव्हा कळलं. काट्यावर त्याचा लगेच विश्वास बसला. काट्याला कुणी विचारत नाही, तुझा स्वभावच तापट आहे का.

तापमापक मी काकूंकडेच ठेवून आले. आम्हाला काय करायचाय, सवय झाली, असं म्हणत त्यांनी तो खिळ्याशिवाय कसा टांगायचा याचा विचार करायला सुरुवात केली. खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला. तेव्हापासून उन्हाळ्यात मला त्यांचे व्हॉट्सअॅपवर फोटो येतात. खाली एक शब्दही नसतो. ४२. ४३. एकदा ४५.

त्यातला एक फोटो मी भावाला पुढे पाठवला. ओळखीची भिंत, ओळखीची खिडकी, आणि गजाला बांधलेला काटा. निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर रात्री आलं.

‘एवढं होतं?’

मी टाइप केलं, ‘हो.’ मग खोडलं, आणि त्याला फोन लावला.